आपल्यात चालत नाही

ल्यूकन ह्या आयरिश गावात प्रल्हाद नाफडे दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. वॉशिंग मशीन बिघडलं की त्याला बोलवायचं, आणि त्याच्या मुलीला कुठे बाहेर न्यायचं असेल तर त्याला विचारायच्या भानगडीत पडायचं नाही. पहिली कीर्ती त्याने हाताने कमावली होती, दुसरी तोंडाने. पहिलीवर घर चालत होतं. दुसरी घर आतून पोखरत होती, पण ते कळायला त्याला २०२१ साल उजाडावं लागलं.

प्रल्हाद मूळचा सिन्नरचा. त्याची आई शोभनाबाई तिथल्या कन्याशाळेची मुख्याध्यापिका. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात आणि शाळेत हुकूम एकाच बाईचा. मुलगी शाळेतून काढली असं कळलं की बाई संध्याकाळी त्या घरी जाऊन बसत, चहा नाकारत आणि मुलगी उद्या येणार असा शब्द घेतल्याशिवाय उठत नसत. अशा बाईचा हा मुलगा. सातपूरच्या कारखान्यांत मीटर आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करता करता त्याचा हात बसला आणि २०१० साली तो कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या एका औषध कंपनीत वर्क परमिटवर आला. बरोबर बायको सुचित्रा आणि सात वर्षांची देवयानी. सिन्नरात शोभनाबाईंनी पेढे वाटले.

दोन वर्षं बरी गेली. मग कंपनीतला तो विभागच बंद झाला. नवीन परमिट काढून देतो म्हणणारा एक एजंट भेटला. सातपूरचा फ्लॅट विकून त्याचं तोंड भरलं, तर तो फोनच उचलेना. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख उलटली. पुढच्या महिन्यात काहीतरी होईल म्हणत वर्ष गेलं. बेकायदा माणूस म्हटलं की लोकांना कुंपणावरून उडी मारणारा कोणीतरी दिसतो. प्रल्हादने उडीबिडी काही मारली नाही. तो नुसता घरात बसून बेकायदा झाला.

परत जावं तर कुठल्या तोंडाने, हा प्रश्न होता. म्हणून ते ओळखीचं कॉर्क सोडून ल्यूकनला आले, जिथे त्यांना कोणी विचारणारं नव्हतं. तो रोखीने यंत्रं दुरुस्त करू लागला. सुचित्रा शेजारपाजारच्या आयांची पोरं सांभाळू लागली आणि पोळ्या करून देऊ लागली. मराठी मंडळाकडे मात्र त्यांनी पाठ फिरवली, कारण तिथे नाव विचारून झालं की दुसरा प्रश्न 'पासपोर्ट झाला का इथला?' असाच असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं प्रल्हाद म्हणायचा. मूठ झाकून झाकून हात आखडतो, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

देवयानीला त्यांनी काहीच सांगितलं नाही. लहान होती, शाळेत बोलून गेली असती. इथल्या शाळेत मुलाचे कागद कोणी विचारत नाही, त्यामुळे निभावून गेलं. अडचण पहिल्यांदा आली ती सहावीत, वर्गाची एका रात्रीच्या मुक्कामाची सहल बेलफास्टला निघाली तेव्हा. बाकी सगळ्यांना ती बसने दोन-अडीच तासांची वाट. कागद नसलेल्या माणसाला मात्र तिथे दुसरा देश लागतो, आणि परतीच्या वाटेवर कधीमधी पोलीस बसमध्ये चढून कागद बघतात. शाळेच्या फाटकाशी बाईंनी प्रल्हादला विचारलं, देवयानीचं नाव यादीत कसं नाही? प्रल्हादची बोबडी वळली. काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलून गेला, की आमच्या संस्कृतीत मुलींना रात्री घराबाहेर राहू देत नाहीत.

बाईंचा चेहरा लगेच मवाळ झाला. हो, हो, अर्थातच, म्हणाल्या, आम्ही समजू शकतो. आणि पुढे एक शब्द विचारला नाही!

प्रल्हादला शोध लागला. आजारपण म्हणा, पैसे नाहीत म्हणा, ही माणसं मदतीला धावतात, खोदून विचारतात. संस्कृती म्हणा, की अदबीने दोन पावलं मागे सरतात. त्या दिवशी घरी येऊन त्याने देवयानीलाही तेच सांगितलं. "आपल्यात चालत नाही."

सुचित्रा पोळपाटावरचा हात थांबवून म्हणाली, "अहो, आपल्यात म्हणजे कोणात? आईंनी ऐकलं तर काय म्हणतील?"

"आई कशाला ऐकतेय," प्रल्हाद म्हणाला.

मग काय, एकदा चटक लागली की लागली. मैत्रिणीबरोबर आठवडाभर कॅम्प, आपल्यात चालत नाही. सोळावं लागल्यावर सुपरमार्केटमधलं शनिवारचं काम, मुलींनी दुकानात उभं राहणं आपल्यात चालत नाही. कामाला कागद लागतात हे बोलायची गरजच पडली नाही. आणि मग अख्ख्या वर्गाची बार्सिलोनाची सहल. त्या वेळी देवयानी आधी खूप रडली, मग दार आपटून जिन्यावरून ओरडली, इंग्रजीत, तिच्या त्या ल्यूकनच्या हेलात, की मला इंडियन असल्याची लाज वाटते. प्रल्हाद खाली स्वयंपाकघरात कोणाच्यातरी मशीनचा पंप खोलून बसला होता. त्याने ऐकलं. मान वर केली नाही. पोरगी आपला द्वेष करते आहे तोवर ती सुरक्षित आहे, असं स्वतःला समजावून त्याने स्क्रू घट्ट केला.

२०२०चा मार्च आला आणि विमानं बंद झाली. ल्यूकनमधले मराठी लोक हळहळू लागले, यंदा इंडिया ट्रिप नाही, आईवडिलांची भेट नाही. ज्यांच्या घरी प्रल्हाद मास्क लावून मशीन बघायला जायचा ते त्यालाही म्हणत, "काय हो नाफडे, तुमचंही राहिलंच ना जायचं?" आणि प्रल्हाद मान हलवून म्हणे, "हो ना, काय करणार." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो चारचौघांसारखा अडकलेला होता. त्याला हायसं वाटलं. लोकांची जिवाभावाची माणसं जात होती आणि आपल्याला बरं वाटतंय, ह्याची त्याला शरम वाटली. पण बरं वाटायचं काही थांबलं नाही.

हे सुख जानेवारीपर्यंत टिकलं. देवयानी बारावीच्या बरोबरीच्या वर्षाला होती, शाळा पुन्हा बंद, वर्ग स्क्रीनवर. तिला रेडिओग्राफी करायची होती. एक्स-रे, स्कॅन, हे सगळं. पोरीने सगळा अभ्यास करून ठेवला होता, कुठलं कॉलेज, किती गुण, सरकारी ग्रँट कशी मिळते. एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, ग्रँटसाठी तुझा आणि आईचा इथे राहायच्या परवानगीचा स्टॅम्प लागेल. पासपोर्ट दे ना, मी स्कॅन करते."

सुचित्राने भाताचा डाव भांड्यात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. सांगा आता, असं ती डोळ्यांनी म्हणाली. सांगायची ह्याहून चांगली वेळ येणार नव्हती. ग्रँट मिळणं शक्य नव्हतं. परदेशी विद्यार्थी म्हणून फी भरायची तर ती इथल्या मुलांच्या कैक पट. आणि प्रल्हाद काय म्हणाला?

म्हणाला, "कॉलेज कशाला? लग्नाआधी मुलींनी घर सोडून शिकायला जाणं आपल्यात चालत नाही."

शोभनाबाई नाफडे यांचा मुलगा हे वाक्य बोलला. तोंडातून निघाल्यावर त्याचं त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवयानी ह्या वेळी ओरडली नाही. तिने ताट उचललं, धुतलं आणि वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने शाळेतल्या करिअर गाईडन्सच्या शिक्षिकेला, मिस गेराटींना, सगळं सांगितलं. मिस गेराटींनी आईवडिलांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. मुलीसमोरच बोलू, असंही कळवलं.

कॉलच्या दिवशी प्रल्हादने इस्त्रीचा शर्ट घातला. देवयानी मध्ये, तो एका बाजूला, सुचित्रा दुसऱ्या. स्क्रीनवर मिस गेराटी, पन्नाशीच्या, मागे पुस्तकांचं कपाट, हातात चहाचा मग. आधी हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी मग खाली ठेवला.

त्या फार सांभाळून बोलत होत्या. तुमच्या परंपरांचा मला आदर आहे, म्हणाल्या. पण देवयानी अठरा वर्षांची झाली आहे. वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलींपैकी एक आहे. तिच्या आयुष्याचा निर्णय तिचा आहे. आणि मला हे सांगताना वाईट वाटतं मिस्टर नाफडे, पण घरून विरोध असलेल्या मुलींना राहायला जागा मिळवून देणाऱ्या संस्था आहेत, मी देवयानीला त्यांचा नंबर दिलेला आहे.

प्रल्हादने मुलीकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे बघत होती. म्हणजे पोरगी घर सोडून जायच्या तयारीत होती. त्याच्यापासून वाचायला!

"प्रश्न पैशांचा असेल," मिस गेराटी पुढे म्हणाल्या, "तर तोही सुटू शकतो. ग्रँट आहे. शिष्यवृत्त्या आहेत. एका विद्यापीठाची तर खास निर्वासितांसाठी, इथे राहायचे कागद नसलेल्या मुलांसाठीसुद्धा शिष्यवृत्ती आहे, फीपासून पुस्तकांपर्यंत सगळं. ती अर्थात तुमच्यासाठी नाही. पण सांगायचा मुद्दा असा, की वाटा खूप आहेत. फक्त तुम्ही आड येऊ नका."

सुचित्राने देवयानीच्या खुर्चीमागून त्याचा हात नुसता धरला नाही, चांगला आवळला. प्रल्हादला कळत होतं की एक वाक्य बोललं की पोरीचं शिक्षण मार्गी लागेल. न बोललं तर ती दोन-चार दिवसांत बॅग उचलेल आणि जाईल, आणि जिथे जाईल तिथेही पहिल्याच खिडकीशी तिला हेच कागद मागतील, तेव्हा तिच्याजवळ ना कागद असेल ना आईबाप. गप्प राहून त्याची अब्रू तरी वाचणार होती का? अब्रू तर कधीच गेली होती. फक्त वेगळ्या नावाने.

"ती," तो म्हणाला. "ती कागद नसलेल्यांची. ती आमच्यासाठीच आहे."

मिस गेराटींना वाटलं कॉल अडकला. "सॉरी?"

"आमच्याकडे कागद नाहीत. बरीच वर्षं झाली. देवयानीकडेही नाहीत. तिला माहीत नाही." आणि मग, इंग्रजी जमेल तसं, "ते कल्चर वगैरे काही नाही. आमच्यात असं काही नसतं. माझी आई हेडमिस्ट्रेस होती. ते मी बनवलेलं होतं."

मिस गेराटींचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. मग त्या म्हणाल्या, "मिस्टर नाफडे, मी तुमची माफी मागते. शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही तुमच्याबद्दल काय काय बोललो आहोत. मी स्वतः. मला फार लाज वाटते आहे."

ही माफी प्रल्हादला थोबाडीत मारल्यासारखी लागली. इतकी वर्षं मेहनत करून त्याने ह्या बाईंना जे पटवलं होतं, ते पटल्याबद्दल त्या बिचाऱ्या त्याचीच क्षमा मागत होत्या. धरणी दुभंगावी म्हणतात ते हेच. तो "नो, नो, यू आर ग्रँड" असं काहीतरी पुटपुटला, म्हणजे इथल्या बोलीत, काही हरकत नाही. देवयानी खुर्ची सरकवून उठली, अंगात जॅकेट घातलं आणि पुढच्या दाराने बाहेर गेली. खिडकीतून ती दिसत होती. वसाहतीच्या मधल्या हिरवळीवर बारीक पावसात गोल गोल चालत होती. सुचित्रा छत्री घेऊन निघाली, तर प्रल्हाद म्हणाला, राहू दे, मी जातो. पण तो दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

त्यानंतर बरेच आठवडे देवयानी त्याच्याशी बोलली नाही. आईशी बोलायची, तेही कामापुरतं. मिस गेराटींनी मात्र कंबर कसली. कोणाला काही कळवणार नाही असा त्यांनी आधीच शब्द देऊन टाकला आणि अर्जाचं सगळं तिच्याकडून करून घेतलं. एप्रिलमध्ये, कागद नसलेल्यांसाठी सरकार काही योजना आणणार अशी बातमी आली, ती कळवायलाही त्यांनीच फोन केला. अशी माणसं मदत करू लागली की माणूस दुबळा होतो. प्रल्हादला वाटायचं, त्या सहलीच्या वेळच्या बाईंना फाटकाशीच खरं सांगितलं असतं तर? चोराच्या मनात चांदणं, त्याने कधी एका माणसावर विश्वास टाकून पाहिलाच नव्हता.

मुलाखतही स्क्रीनवरच झाली, स्वयंपाकघरात, कारण इंटरनेट तिथेच धड चालायचं. देवयानी आईला म्हणाली, बाबाला सांग बाहेर जायला. प्रल्हाद बाहेर गेला. बंद शाळेवरून, दुकानांवरून फिरून आला तरी मुलाखत चाललेलीच होती. तेव्हा तो मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभा राहिला. खिडकी किलकिली उघडी होती. ऐकायचं नाही असं ठरवूनही ऐकू आलंच. कोणीतरी तिला विचारत होतं, ह्या परिस्थितीत सगळ्यांत कठीण काय गेलं?

"कागद नव्हते ते नाही," देवयानी म्हणत होती. "ते तर मला माहीतच नव्हतं. कठीण हे गेलं, की मला माझी माणसं वाईट वाटायची. माझी सगळी माणसं. इथली आणि तिकडची."

प्रल्हाद दोरीवरचे वाळलेले कपडे ओढून काढू लागला. हातात काहीतरी काम हवं होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला निकाल लागला, प्रवेश मिळाला आणि आठवडाभरात शिष्यवृत्तीही मिळाली. पूर्ण फी, प्रवासखर्च, सगळं. गणपती घरात बसलेले होते. सुचित्राने शिरा केला आणि रडली. प्रल्हाद पोरीसमोर उभा राहिला. माफ कर म्हणायचं त्याने इतके महिने घोकलं होतं, पण त्याने नुसती शिऱ्याची वाटी तिच्यापुढे धरली.

देवयानीच म्हणाली, "आजीला फोन लाव."

रविवार नव्हता. रविवारच्या फोनवर देवयानी वर्षानुवर्षं 'नमस्कार आजी, अभ्यास आहे' एवढंच बोलून वर पळायची, आणि प्रल्हाद आईला सांगायचा, इथल्या मुलांना मराठी बोलायचा कंटाळा येतो गं. आज ती स्वतःहून सोफ्यावर टेकून बसली. सिन्नरात रात्र पडत होती. शोभनाबाईंनी फोन नेहमीसारखा फार जवळ धरला होता, त्यामुळे आधी नुसतं कपाळ आणि चष्मा दिसला.

"आजी, मला कॉलेज मिळालं. स्कॉलरशिप पण."

"अगो बाई! खरंच?" म्हातारीचा आवाज चिरकला. "कशात गं? कुठे? मी उद्या पेढे आणते, सगळ्या मास्तरणींना देते. माझी नात!"

"आजी, सॉरी," देवयानी म्हणाली. तिचं मराठी अडखळत होतं, पण ती इंग्रजीकडे वळली नाही. "मी तुझ्याशी बोलायचे नाही. मला वाटायचं, सगळं तुझ्यामुळे आहे. मला सहलीला जायला द्यायचं नाही, काम करायचं नाही, शिकायचं नाही. हे सगळं तुझे रूल्स आहेत असं मला वाटायचं."

प्रल्हादचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला. हे त्याला माहीत नव्हतं. 'आपल्यात' म्हणताना पोरीच्या डोळ्यांपुढे कोणाचा चेहरा येत असेल, ह्याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. आपल्यात म्हणजे तिला दुसरं कोण माहीत होतं? स्क्रीनवर दर रविवारी दिसणारी एकच म्हातारी.

शोभनाबाई फोन लांब धरून नातीकडे बघत होत्या. त्यांना नीट ऐकू आलं होतं, पण समजत नव्हतं.

"मी तुला शिकू देत नाही?" त्या म्हणाल्या. "मी? बाळा, असं तुला कोणी सांगितलं?"

देवयानीने फोन बाबाच्या हातात दिला आणि ती आईजवळ जाऊन उभी राहिली.

"प्रल्हाद," आई म्हणाली, "काय म्हणतेय ही? कोणी सांगितलं तिला?"

"मी, आई," प्रल्हाद म्हणाला. "मी सांगितलं. तुझ्या नावावर."

शोभनाबाईंनी चष्मा काढला. शाळेत खोटं बोलणारं पोर सापडलं, की त्या कधी ओरडत नसत. समोर उभं करून नुसत्या बघत बसत, आणि पोर आपणहून सगळं सांगेपर्यंत डोळे हलवत नसत. त्या तशाच बघत बसल्या.